थोरला एबी, धाकटा ओ

यावल तालुक्यातल्या एका शेतकरी वाचकाचं पत्र आहे. वय ४३. सहा एकर केळी, चार एकर कपाशी, आणि विहिरीजवळ आईच्या हातचा भरताच्या वांग्यांचा वाफा. लग्नाला १९ वर्षं झाली. दोन मुलगे, थोरला १७ वर्षांचा, धाकटा १४ चा. थोरला अगदी बापासारखा: ठेंगणा, गव्हाळ, सरळ केसांचा, हिशोबाला पक्का. धाकटा आत्ताच बापाच्या कानाला लागलाय. सावळा, कुरळ्या केसांचा, अबोल. "हा कोणावर गेला काय माहीत" हे आजीचं वाक्य त्या घरात वर्षानुवर्षं चालत आलंय.

जूनमध्ये शाळेच्या ओळखपत्रासाठी धाकट्याचा रक्तगट तपासला. निघाला ओ पॉझिटिव्ह. वडिलांचा बी, आईचा ए, थोरल्याचा एबी, सगळे पॉझिटिव्ह. वाचक लिहितात, "आम्हा दोघांपैकी कोणाचाच ओ नाही, मग याच्यात आला कुठून?" तेव्हापासून त्यांना धड झोप नाही. पारावर कोणीतरी सांगितलं की पोराचा केस पाठवला की डीएनए तपासून मिळतो. पत्नीशी ते यातलं काही बोललेले नाहीत. धाकट्याशी मात्र बोलणं कमी झालंय, हे त्यांनी स्वतःच कबूल केलंय. घरातला ताण सांगताना त्यांनी आणखी एक ओळ लिहिली आहे: गेल्या वर्षी आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, तिचा गट ओ पॉझिटिव्ह, आणि दोन बाटल्यांसाठी भुसावळ-जळगाव धावाधाव करावी लागली. त्यांचा प्रश्न असा: "गुपचूप टेस्ट करून मोकळं व्हावं, की तोंड मिटून बसावं?"

भाऊ,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुमच्या त्या जाग्या रात्री वाचून जीव कासावीस झाला. दुसऱ्यांदा मात्र आईच्या ऑपरेशनच्या ओळीपाशी थांबले आणि तिथून पुढे सरकेना. तुम्ही ती ओळ जाता जाता लिहून गेलात. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिच्यातच आहे.

आईचा गट ओ. एवढं मनात धरा आणि पुढचं सावकाश वाचा.

रक्तगट ठरवणाऱ्या जनुकाच्या प्रत्येक माणसाकडे दोन प्रती असतात. एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. प्रत ए असते, बी असते, नाहीतर ओ असते. ए आणि बी तांबड्या रक्तपेशीवर आपापली खूण उमटवतात. ओ काहीच उमटवत नाही, म्हणून ती दुसऱ्या प्रतीच्या आड गप्प राहते. एक बी आणि एक ओ असलेल्या माणसाच्या कार्डावर बीच छापलं जातं. कार्डावर ओ यायचा तर दोन्ही प्रती ओच लागतात.

म्हणजे तुमच्या आईच्या दोन्ही प्रती ओ. तिच्याकडे तुम्हाला द्यायला दुसरं काही नव्हतंच. तुमचा बी वडिलांकडून आलाय, आणि त्याच्या आड आईचा ओ तुमच्या जन्मापासून बसलेला आहे. "आम्हा दोघांपैकी कोणाचाच ओ नाही" हे वाक्य तिथेच मोडतं. तुमच्यात ओ आहे, फक्त कार्डावर दिसत नाही.

राहिली तुमच्या पत्नीची बाजू. ओची प्रत आपल्याकडे इतकी पसरलेली आहे की ए गटाच्या बहुतेक माणसांची दुसरी प्रत ओच असते. त्यामुळे त्यांच्याकडून ए जाऊ शकतो किंवा ओ जाऊ शकतो, तुमच्याकडून बी किंवा ओ. जोड्या लावून बघा: ए आणि बी मिळून एबी, ए आणि ओ मिळून ए, बी आणि ओ मिळून बी, ओ आणि ओ मिळून ओ. दर बाळंतपणाला चारांतली एक. थोरल्याला दोघांच्या खुणेच्या प्रती आल्या, धाकट्याला दोघांच्या गप्प बसलेल्या. सख्खे भाऊ असूनही त्या एका जागी दोघांत काहीही सारखं नाही, आणि त्यात नवल काहीच नाही.

एक गोष्ट मी लपवून ठेवणार नाही. रक्तगट जुळला म्हणून पितृत्व सिद्ध होत नाही. ओ गटाची माणसं पुष्कळ आहेत. पण ज्या कागदावरून तुमची झोप उडाली, तो कागद तुमच्या बाजूचा आहे. त्यात संशय घ्यावा असं काही नाही.

आता मुळाशी जाऊ, कारण कार्ड जूनमध्ये आलं आणि शंका त्याच्या कितीतरी आधीची आहे. एका आईबापाची पोरं सारखीच निघायला हवीत, असं तुम्ही धरून चाललाय. हे मनात कुठून बसलं असेल, याचा विचार करताना माझ्या डोळ्यांसमोर तुमची केळी आली.

टिश्यूची रोपं लावली की सहा एकरांत नऊ-दहा हजार खोडं एका उंचीची, एका रंगाची, आठ-पंधरा दिवसांच्या फरकाने निसवणारी. अशी बाग रोज बघणाऱ्या माणसाला वाटणारच की चांगली वंशावळ म्हणजे सारखेपणा. पण केळीला आईबाप आहेत कुठे, भाऊ? ग्रँड नैन घ्या की आपली जुनी श्रीमंती, बसराई घ्या, या सगळ्यांच्या पेशीत गुणसूत्रांचे, म्हणजे जनुकं वाहून नेणाऱ्या धाग्यांचे, तीन संच असतात, ११ चे तीन, एकूण ३३. बीजपेशी तयार होताना गुणसूत्रांना जोडीदार शोधून दोन सारख्या वाटण्या कराव्या लागतात. तिघांच्या दोन सारख्या वाटण्या होत नाहीत. म्हणून केळीत बी धरतच नाही. एक केळं आडवं कापून बघा, मधोमध बारीक काळसर ठिपके दिसतील. कधीच बी न झालेल्या बियांच्या त्या खुणा आहेत. कंद लावा की प्रयोगशाळेतलं रोप लावा, पेशीची नक्कल, नक्कलेची नक्कल असंच ते चालतं. तुमच्या बागेत नऊ हजार भावंडं नाहीत, एकच झाड नऊ हजार जागी उभं आहे.

आणि त्या सारखेपणाची किंमत आपल्या पट्ट्याने मोजलेली आहे. सीएमव्ही हा विषाणूचा रोग आला, ज्याला आपण हरण्या म्हणतो, तेव्हा रावेर-यावलमध्ये लोकांनी हातांनी बागा उपटल्या. एका खोडाला जे भोवतं ते शेजारच्यालाही भोवतं, कारण शेजारचं खोड वेगळं नसतंच. जगातही हेच झालंय. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत परदेशी बाजारात ग्रो मिशेल नावाची एकच केळी चालायची. जमिनीतल्या बुरशीने होणाऱ्या पनामा मर रोगाने तिच्या बागा बसवल्या, आणि तिच्या जागी कॅव्हेंडिश गटाच्या जाती आल्या. ग्रँड नैन त्यातलीच. आता त्याच बुरशीचा टीआर-४ हा नवा प्रकार कॅव्हेंडिशलाही मारतो, आणि तो बिहार-उत्तर प्रदेशात सापडलेला आहे. यातून सुटून निघायला जी वेगळी झाडं लागतात, ती बहुतेक करून बी असलेल्या रानकेळींच्या संकरातून शोधावी लागतात.

केळी सोडा, कपाशीकडे या. संकरित कपाशीची घरची सरकी कोणी पेरलेली तुम्ही पाहिली असेल, एखाद्या साली पाकिटाचे पैसे वाचवायला. काय होतं? एक झाड छातीला लागतं, शेजारचं गुडघ्याइतकं राहतं. एकाला टपोरी बोंडं, दुसऱ्याला कवडीएवढी. एक लवकर फुटतं, एक दिवाळीनंतरही हिरवंच. वर्षभरापूर्वी जे वावर एकसारखं होतं, त्याच वावराची ही लेकरं. तेव्हा कोणी म्हणतं का, की ही सरकी दुसऱ्याच्या वावरातली आहे? तुम्हीच नव्या माणसाला समजावता की संकरिताचं बी दुसऱ्या वर्षी फुटतं, म्हणून दरसाल नवं पाकीट आणावं लागतं. शेतात जे तुम्हाला इतकं पक्कं ठाऊक आहे, तेच घराच्या उंबऱ्याच्या आत तुम्ही विसरलात.

पाकिटातलं बी एकसारखं उगवतं, कारण ते दोन शुद्ध वाणांचा पहिला संकर असतं. त्या संकरात दोन्हीकडचे गुण प्रत्येक झाडात सारखेच भरलेले असतात. ती झाडं स्वतः बी धरतात तेव्हा ते गुण सुटतात आणि पुन्हा वेगवेगळे वाटले जातात. माणसांत शुद्ध वाण नावाचं काही नसतं. तुम्ही संकर, तुमच्या पत्नी संकर, मी संकर. आपली पोरं म्हणजे दुसऱ्या वर्षीची सरकी.

ही वाटणी आत कशी होते, ते मला तुम्हाला दाखवायचंय. जळगावच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी बरीच वर्षं जीवशास्त्र शिकवलं, आणि हा धडा आला की मी डब्यात उडीद आणि चवळी घेऊन वर्गात जायची. आज रात्री जेवणं झाली की तुम्हीही करा. उडदाचे २३ दाणे घ्या, चवळीचे २३. उडीद म्हणजे तुमच्या आईकडून तुम्हाला आलेली गुणसूत्रं, चवळी म्हणजे वडिलांकडून आलेली. जमिनीवर २३ जोड्या मांडा, प्रत्येक जोडीत एक काळा दाणा, एक पांढरा. डोळे मिटा आणि प्रत्येक जोडीतला एकच दाणा उचला. हातात आलेले २३ दाणे म्हणजे तुमची एक बीजपेशी, एका मुलाला तुमच्याकडून जाणारा वाटा. मोजा. कधी ११ उडीद आणि १२ चवळ्या येतील, कधी १५ आणि ८. दाणे परत मांडून पुन्हा उचला. आकडा तोच आला तरी जोड्या त्याच नसतील. असे किती वेगळे वाटे निघू शकतात? दोनाला दोनाने २३ पायऱ्यांपर्यंत गुणत जा: ८३,८८,६०८. तुमच्या पत्नीकडेही तेवढेच. दोघांचे एकत्र धरले तर एका जोडप्याच्या पोटी येऊ शकणाऱ्या वेगवेगळ्या लेकरांची संख्या ७० लाख कोटींच्या वर जाते. त्यातली दोन तुमच्या घरी आली.

वर्गात या ठिकाणी एखादं पोरगं हमखास विचारायचं, की मॅडम, मग सगळे उडीदच आले तर? येऊ शकतात, ८३ लाखांत एकदा. पण याहून कामाची गोष्ट या खेळात आहे. मुलाला बापाकडून निम्मं आणि आईकडून निम्मं येतं, हे पक्कं. आजी-आजोबांचा वाटा मात्र असा पक्का पाव-पाव नसतो. तुम्ही उचललेल्या मुठीत थोरल्याच्या वेळी चवळ्या जास्त आल्या असतील, म्हणजे आजोबा जास्त. धाकट्याच्या वेळी उडीद जास्त आले असतील, म्हणजे आजी जास्त. रक्तगटाचं जनुक नवव्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर असतं. नवव्या जोडीत त्या जागी थोरल्यासाठी चवळी उचलली गेली, धाकट्यासाठी उडीद.

दाण्यांचा खेळ एका ठिकाणी अपुरा पडतो. खरं गुणसूत्र दाण्यासारखं अख्खं जात नाही. वाटणीच्या आधी जोडीतली दोन्ही गुणसूत्रं, आईकडचं आणि वडिलांकडचं, लांबच्या लांब एकमेकाला चिकटून पडतात. मग एका ठिकाणी, कधी दोन-तीन ठिकाणी, दोन्ही तुटतात आणि तुकड्यांची अदलाबदल करून पुन्हा सांधली जातात. पिवळी आणि लाल सुतळी शेजारी ठेवून दोन्ही एकाच जागी कापावी आणि पिवळीचा शेंडा लालच्या बुडख्याला गाठावा, तसं. पुढे जाणारं गुणसूत्र मग ना पुरतं आजीचं असतं, ना पुरतं आजोबांचं. ते या जगात पहिल्यांदाच तयार झालेलं असतं. ७० लाख कोटी हा आकडा ही देवघेव न धरता काढलेला आहे. ती धरली की मोजायला आकडेच उरत नाहीत. थोरल्याच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात, दुसऱ्या भागात, याला अर्धगुणसूत्री विभाजन म्हटलंय. पानभर आकृत्या आहेत. पोरं ते चार मार्कांसाठी पाठ करतात. पण तुमच्या घरातला सगळा गोंधळ त्या एका पानावर आहे, म्हणून दोघांना घेऊन ते पान पुन्हा उघडा.

आणि हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही: बाईच्या बीजपेशींमधली ही अदलाबदल ती स्वतः जन्माला यायच्या आधीच सुरू होते. तुमच्या पत्नी आपल्या आईच्या पोटात होत्या, तेव्हाच त्यांच्या बीजपेशींत गुणसूत्रांच्या जोड्या लागून तुकड्यांची देवघेव झाली आणि काम तिथेच थांबलं. ते पुढे सरकलं प्रत्येक बीज पिकायच्या वेळी, कित्येक वर्षांनी. धाकट्याचा आईकडचा अर्धा वाटा तुमच्या लग्नाच्या कितीतरी आधी, त्याच्या आजोळच्या आजीच्या पोटात मांडला जात होता. पुरुषाचं उलट असतं. वयात आल्यापासून हे काम रोज चालू असतं, रोज कोट्यवधी पेशी, प्रत्येकीतली वाटणी निराळी.

या सगळ्यामुळे सख्ख्या भावंडांत जनुकीय साम्य सरासरीने निम्मं भरतं, पण ती सरासरी झाली. प्रत्यक्षात एखाद्या जोडीत ते ४० टक्क्यांच्या आसपास असतं, एखाद्या जोडीत ६० च्या. तुमचे दोघे कमी साम्याच्या बाजूचे असतील. आणि रंग, उंची, केसांचा वळसा यांतलं काहीही एका जनुकावर ठरत नाही. त्वचेच्या रंगात कितीतरी जनुकांचा हात असतो. दोन गव्हाळ माणसांकडे सावळेपणाची जनुकं थोडी थोडी विखुरलेली असली, आणि एका मुलाच्या वाट्याला ती दोन्हीकडून जास्त आली, की मूल दोघांपेक्षा सावळं निघतं. उंचीचं तसंच. स्वभावावर तर घराचा, शाळेचा, मित्रांचा हात असतो, त्याचा हिशोब रक्तात शोधू नका. कधीतरी आजोळी गेलात की जुना अल्बम मागा. पत्नीच्या मामांचा, आजोबांचा, स्वतःच्या आजीचा फोटो बघा. तोंडवळा सापडेलच असं नाही, पण पुष्कळदा सापडतो.

आता टेस्टचं. तुम्ही सरळ विचारलंत, म्हणून मीही सरळ लिहिते.

पारावरची माहिती अर्धवट आहे. कात्रीने कापलेल्या केसात पितृत्व तपासायला लागणारा डीएनए जवळजवळ नसतो, मुळासकट उपटलेला केस लागतो. पोराच्या डोक्यातून असे केस त्याला न कळता काढायचे, हे करतानाचे स्वतःला डोळ्यांसमोर आणा. गुपचूप घेतलेल्या नमुन्याला कोर्टात सहसा किंमत नाही. आणि कायदा अशा शंकेला सहजी दार उघडत नाही. लग्न टिकून असताना झालेलं मूल नवऱ्याचंच, असं भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ११६ धरून चालतं. जुन्या कायद्यात ते कलम ११२ होतं. नवरा-बायकोचा त्या काळात संबंधच येणं शक्य नव्हतं, हे दाखवलं तरच ते हलतं. २०२३ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की नवरा-बायकोच्या भांडणात मुलाची डीएनए चाचणी ऊठसूट मागता येणार नाही, कारण त्याची झळ मुलाला लागते.

पण कायदा बाजूला ठेवा. समजा टेस्ट केली आणि पोरगा तुमचाच निघाला. मग घरात पत्नीपासून आणि पोरापासून लपवायची एक गोष्ट कायमची आली. असले लिफाफे कधी ना कधी कपाटातून बाहेर पडतात. समजा उलट निकाल आला. तापाच्या रात्री ज्याला उराशी धरून बसलात, तो पोरगा दुसऱ्या सकाळी कोण होणार आहे? या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे आत्ता तयार नसेल, तर ती टेस्ट करायची वेळ आलेली नाही. टेस्ट कधीच करू नये, असं मी म्हणत नाही. नवरा-बायकोने मिळून, डोळे उघडे ठेवून ठरवलं तर तो त्यांचा प्रश्न. पण तुमच्या पत्रात मला पत्नीबद्दल एकही तक्रार दिसली नाही. १९ वर्षांत एकही नाही. तुमच्याकडे आहेत त्या फक्त कुरळे केस, सावळा रंग, आजीचं वाक्य आणि ओ. या चारांतलं एकही कारण उरलेलं नाही.

तोंड मिटून बसा, असंही मी सांगणार नाही. गप्प बसल्याने पोराशी बोलणं तुटलंय, आणि १४ व्या वर्षी पोरांना कारण कळलं नाही तरी अंतर कळतं. त्यामुळे आधी त्याच्याशी बोलायला लागा. उडीद-चवळीचा खेळ त्याच्या हातूनच करून घ्या, त्यासाठी ते फार चांगलं निमित्त आहे. मग पत्नीला सांगा. "कार्ड आलं तेव्हा मला ओचं कोडं सुटेना, मनात नको ते आलं, आता सुटलं," एवढं पुरे. त्या दुखावतील, कदाचित दोन दिवस बोलणार नाहीत. तरी सांगा, असं माझं मत आहे. जूनपासून तुमच्या वागण्यातला फरक त्यांनी टिपलेला असणारच, आणि त्याचा स्वतःच्या मनाने लावलेला अर्थ खऱ्यापेक्षा वाईट असू शकतो.

आईशी बोलायचं काम तुमचंच. सुनेने बोललं तर भांडण होईल, तुम्ही बोललात तर गोष्ट होईल. त्यांच्या बोलण्यात विखार असेल असं मला वाटत नाही. जुन्या माणसांच्या तोंडी असं वाक्य बसलेलं असतं. त्यांना वांग्याच्या वाफ्यापाशी नेऊन विचारा, "माय, तू बी धरतेस त्यातलं एखादं झाड वेगळं निघतं, तेव्हा काय करतेस?" वांग्याचं फूल बहुतेक आपल्याच परागावर धरतं, म्हणून भरताचं वांगं पिढ्यान्‌पिढ्या भरताचंच राहतं. तरी मधमाशी एखाद्या वेळी दुसरीकडचा पराग आणतेच. बी धरणाऱ्या बाईला हे पुस्तकावाचून ठाऊक असतं, वेगळं झाड ती लगेच उपटून टाकत नाही, फळ बघते. मग सांगा की तुझा ओ गट माझ्या आड राहून या पोरात उतरला, हा तुझ्यावर गेलाय. हे धाकट्याच्या देखत सांगा. इतकी वर्षं ते वाक्य त्याच्याही देखतच बोललं गेलंय.

रक्तगटावरून जीव टांगणीला लागलेली पत्रं मला याआधीही आली आहेत, म्हणून बाकीच्यांसाठी थोडं लिहिते. दोघे पालक पॉझिटिव्ह आणि मूल निगेटिव्ह, हे घडतं. निगेटिव्हची प्रतही अशीच आड बसते. ए आणि बी पालकांना चारही गटांची मुलं होऊ शकतात. एबी पालकाला ओ गटाचं मूल, किंवा दोन्ही ओ पालकांना ए किंवा बी गटाचं मूल, हे सहसा होत नाही. पण तिथेही आधी तपासणी पुन्हा करा. माझ्या वर्गात एका मुलीने घरातल्या सगळ्यांचे गट फळ्यावर मांडले आणि तिचा ताळाच बसेना. ती रडवेली झाली. शिबिरातल्या घाईत तिचं कार्डच चुकीचं लिहिलं गेलं होतं. शिवाय दुर्मीळ अपवाद आहेत. डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली मुंबईत शोधलेला बॉम्बे रक्तगट नेहमीच्या तपासणीत ओ म्हणून दिसतो, पण त्या माणसाकडून मुलाला ए किंवा बी जाऊ शकतो. कार्डावरून कोणाच्या चारित्र्याचा निकाल लावू नये, त्याचं हेही कारण.

आड बसलेल्या प्रतीचा खरा धाक बाळगायचा तो दुसरीकडे. आपल्या सातपुड्यात, अक्कलकुवा-धडगावच्या पाड्यांत सिकलसेल या रक्ताच्या आजाराची प्रत अशीच धडधाकट माणसांच्या आत राहते. आई वाहक, वडील वाहक, दोघांना काही त्रास नाही, आणि दर बाळंतपणाला चारात एक शक्यता की मूल दोन्ही प्रती घेऊन आजारी जन्माला येईल. त्या भागातल्या वाचकांनी लग्न ठरण्याआधी मुलाची आणि मुलीची, दोघांची तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात ती होते, आणि २०२३ पासून देशभर त्यासाठी अभियान चालू आहे. इथे तपासणी मागण्यात संकोच नको.

भाऊ, एक काम मात्र तुम्हीही करा. धाकट्याचा गट एकदा नीट तपासून घ्या. शंकेसाठी नाही, उद्या रस्त्यावर काही झालं तर ओळखपत्रावरचा गट बरोबर असायला हवा म्हणून. चांगल्या रक्तपेढीत पेशी आणि सीरम दोन्ही तपासून गट पक्का करतात, तसं करायला सांगा, आणि जाताना थोरल्याचं कार्डही सोबत ठेवा. जळगावला जायचं तर सकाळीच निघा, धाकट्याला मोटारसायकलवर मागे बसवून. परतताना कुठे थांबायचं, काय खायचं, ते त्याला ठरवू द्या.